रेसिडेन्शियल स्कूलबद्दल वाचायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर संपत आला की कॅनडातली मुलं शाळेतून निरोप आणतात, "३० तारखेला नारिंगी टीशर्ट घालून यायचंय", तो रेसिडेन्शियल स्कूलमधल्या मुलांच्या आठवणीसाठी असतो (शर्टाची गोष्ट खाली आहे), आणि मग आपल्या मराठी घरांमधे प्रश्न सुरू होतात. आमच्या वाचन ग्रुपमधे तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की म्हटलं एकदा बसून लिहूनच काढावं. मी इतिहासाची अभ्यासक नाही, नुसती वाचक आहे, ऑन्टारिओत राहते, त्यामुळे पुस्तकांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती खाली ठिकठिकाणी दिसतीलच.

रेसिडेन्शियल स्कूल म्हणजे बोर्डिंग स्कूलच ना? पाचगणीला नाही का मुलं राहून शिकत?

पाचगणीला आईवडील हौसेने फी भरून पाठवतात आणि मे महिन्यात गाडी घेऊन आणायला जातात हो. इथे कॅनडा सरकार आणि चर्च यांनी मिळून फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या इथल्या मूलनिवासी समाजांच्या मुलांना घरातून उचललं, आणि घर तुटावं हाच त्यामागचा हेतू होता. हे कोणी लपवलंही नव्हतं. १८८३ साली पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांनी भर संसदेत सांगितलं होतं की शाळा वस्तीतच ठेवली तर मूल आईबापांजवळ राहणार आणि त्यांच्यासारखंच होणार, तेव्हा त्याला लांब नेलं पाहिजे. १९२० मधे इंडियन अ‍ॅक्ट, म्हणजे मूलनिवासींसाठीचा कायदा, बदलून ७ ते १५ वर्षांच्या मुलांना सक्तीने शाळेत न्यायचा अधिकार सरकारने घेतला, जे आईबाप मूल द्यायला नकार देतील त्यांना दंड नाहीतर तुरुंग.

सगळे मिळून साधारण दीड लाख मुलं, १३० हून जास्त शाळा. ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूटमधे १८३१ पासून मुलं राहायला ठेवायला लागले आणि सस्कॅचेवानमधली गॉर्डन्स शाळा बंद झाली १९९६ ला. १९९६ म्हणजे ईडन गार्डन्सवरची वर्ल्ड कप सेमीफायनल प्रेक्षकांनी बंद पाडली ते वर्ष, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती टीव्हीवर बघितलेली आहे. म्हणून "जुनी गोष्ट आहे" असं कोणी म्हणालं की मला पटत नाही, या शाळांमधे राहिलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत, ग्रोसरीच्या लाइनीत तुमच्या पुढे उभी असतील.

आत गेल्यावर केस कापायचे, घरचे कपडे काढून घ्यायचे, बऱ्याच ठिकाणी नावाऐवजी नंबर द्यायचा, आपल्या भाषेत बोललं की शिक्षा, भाऊ-बहीण एकाच शाळेत असूनही एकमेकांशी बोलायची सोय नाही. कित्येक वर्षं तर अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शेतात, गोठ्यात, धुण्याच्या खोलीत काम असंच चालायचं, कारण सरकार पैसे इतके कमी द्यायचं की मुलांच्या मेहनतीशिवाय शाळा चाललीच नसती. उपासमार, मारहाण, लैंगिक अत्याचार हे पुढे हजारोंनी शपथेवर सांगितलं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी ज्यांनी भोगलं त्यांचं वाचा, मग इतिहासकारांचं, मग सरकारी रिपोर्ट. बरेच जण उलटं करतात, आधी जाडजूड इतिहास उघडतात, चाळीस पानांनंतर कंटाळतात आणि वर म्हणतात विषय जड आहे.

पहिलं पुस्तक म्हणून मी बहुतेकांना बेव्ह सेलर्स यांचं 'दे कॉल्ड मी नंबर वन' सुचवते. त्या ब्रिटिश कोलंबियातल्या सेंट जोसेफ्स मिशनमधे शिकल्या, पुढे आपल्या समाजाच्या चीफ झाल्या, आणि नावातला नंबर एक म्हणजे पहिला नंबर आला तो नव्हे, तो शाळेने त्यांना दिलेला नंबर. आजी, आई आणि त्या स्वतः, तीन पिढ्या त्याच शाळेत गेलेल्या, त्यामुळे एका माणसाचं दुःख एवढ्यावर ते पुस्तक थांबत नाही.

दुसरं, थोडं अनपेक्षित, बॅझिल जॉन्स्टन यांचं 'इंडियन स्कूल डेज'. ऑन्टारिओतल्या स्पॅनिश नावाच्या गावातल्या शाळेची गोष्ट, आणि यात चक्क हसू येतं, पोरांच्या खोड्या, टोपणनावं, चोरून खाणं. हसता हसता मधेच लक्षात येतं की ही पोरं सतत भुकेली आहेत. असं पुस्तक लवकर वाचलेलं बरं, नाहीतर सगळे सर्व्हायव्हर, म्हणजे या शाळांतून वाचलेले लोक, फक्त रडणारी माणसं असं डोक्यात बसतं.

कादंबरी वाचली तर चालेल का? आत्मकथनं झेपत नाहीत.

चालेल की. रिचर्ड वागामीस यांची 'इंडियन हॉर्स' बऱ्याच शाळांत लावलेली असते, आइस हॉकी खेळणाऱ्या मुलाची गोष्ट आहे, भाषा इतकी स्वच्छ की दोन बैठकीत संपते. वागामीस स्वतः या शाळेत गेले नव्हते, त्यांच्या घरची आधीची पिढी गेली होती आणि ते फॉस्टर होममधे, म्हणजे सरकारने ठेवलेल्या परक्या घरांत, वाढले, म्हणजे शाळेची झळ त्यांना पुढच्या पिढीत लागली. मिशेल गुड यांची 'फाइव्ह लिटल इंडियन्स' मला जास्त आवडते कारण ती शाळा सुटल्यानंतरची आहे. शाळेतून बाहेर पडलेली पाच पोरं व्हँकुव्हरमधे येतात, हातात काही नाही, कोणी ओळखीचं नाही, आणि त्यांनी आता जगायचं कसं. जीव वाचणं म्हणजे काय ते त्या कादंबरीत कळतं, गेट उघडलं म्हणजे माणूस सुटला असं होत नाही.

एकच सांगते, कादंबरी घेताना लेखक कोण, कुठल्या नेशनचा, कुठल्या समाजाशी नातं सांगतो हे मागच्या पानावर बघून घ्या. आपण बाहेरचे वाचक, निदान कोण बोलतंय एवढं तरी माहीत असावं.

माझं इंग्रजी एवढं चांगलं नाही. काही सोपं आहे का?

आहे आणि फुकट आहे. या शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन (सत्य आणि समेट) कमिशनने २०१५ मधे 'द सर्व्हायव्हर्स स्पीक' नावाचं पुस्तक काढलं, त्यात लोकांनी कमिशनसमोर जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत आहे. बोलण्यातलं इंग्रजी, छोटी वाक्यं, अर्धवट सोडलेली वाक्यंसुद्धा तशीच. विनिपेगच्या मॅनिटोबा युनिव्हर्सिटीत नॅशनल सेंटर फॉर ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन आहे, त्यांच्या वेबसाइटवरून पीडीएफ उतरवून घेता येते. विषयवार भाग आहेत, घरातून निघतानाचा प्रवास, पहिला दिवस, जेवण, भाषा, पळून जाणं. रोज एक भाग वाचला तरी पुरे, उलट रोज एकच वाचा.

वाचून फार त्रास होतो, झोप लागत नाही. काय करू?

थांबा. पुस्तक कुठे पळून जात नाही. रात्री अंथरुणात वाचू नका, लागोपाठ दोन आत्मकथनं घेऊ नका, अत्याचाराचं प्रकरण आलं तर पानं उलटून पुढे जा, त्यात त्या लेखकाचा अपमान वगैरे काही होत नाही. आणि जमलं तर कोणाबरोबर तरी वाचा, आम्ही फोनवर बोलतो अधूनमधून, नुसतं "आज ते धुण्याच्या खोलीचं वाचलं" एवढं सांगितलं तरी हलकं वाटतं.

ज्यांच्या स्वतःच्या लहानपणी असं काही झालंय त्यांनी तर जास्त जपून, यात कॅनडा-भारत असा फरक नाही. इथे सर्व्हायव्हर आणि त्यांच्या घरच्यांसाठी चोवीस तास चालणारी राष्ट्रीय क्रायसिस लाइन आहे, तिचा नंबर हल्ली या विषयाच्या बहुतेक पुस्तकांत आणि डॉक्युमेंट्रीत सुरुवातीलाच दिलेला असतो.

चॅनी वेन्जॅक हे नाव सारखं येतं. कोण हा?

बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा. ऑन्टारिओतल्या केनोरा गावाजवळच्या सेसिलिया जेफ्री शाळेतून ऑक्टोबर १९६६ मधे तो पळाला, त्याला घरी जायचं होतं, ओगोकी पोस्टला, वडिलांकडे. घर किती लांब आहे ते त्याला माहीत नव्हतं, अंतर होतं सुमारे ६०० किलोमीटर. रेल्वेचे रूळ धरून चालत राहिला, अंगात सुती पातळ विंडचीटर, थंडी, पाऊस, बर्फ. रुळांच्या कडेला त्याचा देह सापडला तेव्हा खिशात झाकणाची एक छोटी काचेची बाटली होती आणि तिच्यात काही काड्यापेटीच्या काड्या, बाटली अशासाठी की काड्या ओल्या होऊ नयेत. शाळेतले लोक त्याला चार्ली म्हणायचे.

पुढच्या वर्षी मॅक्लीन्स मासिकात त्याच्यावर लेख आला आणि तेव्हा कुठे बाकीच्या कॅनडाने या शाळांकडे जरा मान वळवून बघितलं. मृत्यूच्या चौकशीत ज्युरींनीही लिहून दिलं होतं की ही शिक्षणपद्धती मुलांच्या मनावर भयंकर ताण आणते. तरी शाळा चालूच राहिल्या, तीस वर्षं. पन्नास वर्षांनी, २०१६ मधे, गॉर्ड डाउनी या लोकप्रिय रॉक गायकाने त्याच्यावर गाणी केली, जेफ लेमायर यांची चित्रं, 'सीक्रेट पाथ' नावाने पुस्तक निघालं. मोठ्या मुलांबरोबर बघण्यासारखं आहे.

किती मुलं दगावली? कॅम्लूप्सला २१५ मृतदेह सापडले ना?

इथे नीट बोलायला हवं, कारण दोन्ही बाजूंनी घोळ घातला जातो.

कॅम्लूप्समधे मे २०२१ ला तिथल्या सेक्वेपेमक समाजाने जाहीर केलं की जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारने जुन्या शाळेच्या आवारात २१५ मुलांचे अवशेष असल्याची खात्री पटली, नंतर तज्ज्ञांनी तो आकडा साधारण २०० संभाव्य जागा असा सांगितला. रडारला माती हलवलेली दिसते, देह दिसत नाही. म्हणजे "मृतदेह सापडले" हे घाईत केलेलं वाक्य. उकरायचं की नाही, कधी, कसं, हे त्या समाजाने ठरवायचं आहे, त्यांच्यातही त्यावर मतं वेगवेगळी आहेत आणि ते समजण्यासारखं आहे, आपल्या घरातल्या मुलाची जागा उकरायची का हे बाहेरच्यांनी सांगायचं नसतं.

पण मुलं मेली याला रडारच्या पुराव्याची गरजच नाही, ती सरकारच्याच कागदांवर आहेत. १९०७ मधे पीटर ब्राइस नावाच्या सरकारी डॉक्टरने पश्चिमेकडच्या शाळा तपासून रिपोर्ट दिला, पंधरा शाळांकडून आलेल्या माहितीत जवळजवळ एक चतुर्थांश मुलं मेलेली होती, मुख्यतः टीबीने, कोंदट खोल्या, खच्चून भरलेली मुलं, आजारी आणि धडधाकट एकत्र. उपाय त्याने सांगितले ते खर्चिक म्हणून बाजूला ठेवले गेले. १९२२ मधे नोकरीबाहेर पडल्यावर त्याने स्वतःच पुस्तिका छापली, नाव दिलं 'द स्टोरी ऑफ अ नॅशनल क्राइम'. मोजून वीसेक पानांची आहे, नेटवर मिळते, जरूर वाचा, संतापलेला सरकारी माणूस कसा लिहितो ते बघायला मिळतं.

२०१५ च्या कमिशनने कागदपत्रं चाळून ३,२०० मृत्यू मोजले आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांची नावंच लिहिलेली नाहीत, जवळपास निम्म्यांच्या मृत्यूचं कारण लिहिलेलं नाही. नंतर शोध चालू राहिला आणि विनिपेगच्या सेंटरच्या स्मृतियादीत आता ४,१०० च्या वर मुलं आहेत. खरा आकडा याहून जास्तच असणार असं कमिशनचंही म्हणणं होतं, कारण कित्येक वर्षांचे कागद जाळले गेलेत नाहीतर हरवलेत.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर "हे सगळं थोतांड आहे" असे मेसेज फिरतात त्यांचं काय?

वरचं कॅम्लूप्सचं एक वाक्य पकडून बाकीचं सगळं खोटं ठरवायचं, एवढाच त्यांचा खेळ असतो. त्या मेसेजला ब्राइसचा १९०७ चा रिपोर्ट पाठवून द्या आणि गप्प बसा. वाद घालत बसू नका, वेळ जातो.

सगळ्याच शाळा वाईट होत्या का? काही जण तर चांगल्या आठवणीही सांगतात.

सांगतात, आणि कमिशनने त्याही नोंदवल्यात. कोणाला हॉकी मिळाली, कोणाला चित्रकला, कोणाला एखादी मायाळू टीचर. मार्गरेट पोकियाक-फेंटन यांची गोष्ट, 'फॅटी लेग्ज', तर सुरूच होते शाळेच्या हट्टापासून, आर्क्टिकमधली ही मुलगी वडिलांच्या मागे लागते की मला वाचायला शिकायचंय, मला पाठवा. वडील स्वतः तिथे जाऊन आलेले, त्यांना माहितीये काय आहे ते, ते नको म्हणतात आणि ती ऐकत नाही. तिला वाचायला येतंही शेवटी. पण त्या वाचण्याची किंमत काय, हे पुस्तक वाचल्यावरच कळेल. मला विचाराल तर, चांगल्या आठवणी सांगणाऱ्या माणसाशी भांडू नये आणि त्याच्या आठवणींनी बाकीच्यांचं तोंडही बंद करू नये. एखाद्याला चांगले शिक्षक भेटले म्हणून मुलांना घरातून उचलण्याचा कायदा चांगला होत नाही.

हीलिंग हीलिंग म्हणतात ते म्हणजे काय? काउन्सेलिंग?

तेही, पण तेवढंच नाही, आणि या विषयावरचं सगळ्यात चांगलं वाचन खरं तर इथेच आहे.

आधी हे लक्षात घ्या की जखम एका पिढीची नाही. पाच-सहा वर्षांचं मूल दहा महिने संस्थेत राहणार, त्याला कोणी जवळ घेणार नाही, ते मोठं होऊन आई किंवा बाप होणार, आता मूल जवळ कसं घेतात हे ते कुठे शिकणार. वर आपली भाषा गेलेली, म्हणजे सुट्टीत घरी गेलं तर आजीशी बोलता येत नाही. मग दारू, मारझोड, आणि त्या घरातलं मूल परत सरकारी यंत्रणा उचलून नेते. हे वर्तुळ कसं मोडायचं, त्याला ते लोक हीलिंग म्हणतात.

उदाहरण द्यायचं तर अल्बर्टातली ब्लू क्विल्स शाळा. १९७० मधे सरकार ती बंद करून मुलांना गावातल्या शाळेत पाठवणार होतं. आईबाप, आजीआजोबा, मुलंबाळं सगळी जाऊन शाळेतच बसली, दोन आठवड्यांहून जास्त दिवस, शाळेच्या जिममधे झोपायचं, बाहेर चूल पेटवायची, शिकारीचं मांस आणून शिजवायचं, आणि मागणी एकच, शाळा आम्ही चालवणार. ज्या इमारतीत यातल्या कित्येकांना लहानपणी मार बसला होता तीच इमारत त्यांनी मागून घेतली! सरकारला ऐकावं लागलं, तेव्हा खात्याचे मंत्री होते जाँ क्रेतियें, जे पुढे पंतप्रधान झाले. कॅनडातली फर्स्ट नेशन्सच्या हातात आलेली ती पहिली शाळा, आणि आज तिथे त्यांची स्वतःची युनिव्हर्सिटी आहे, क्री आणि डेने भाषा शिकवतात. मला हे वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की हीलिंगमधे राग पण बसतो.

१९९८ मधे सरकारने ३५ कोटी डॉलर देऊन अ‍ॅबोरिजिनल हीलिंग फाउंडेशन काढली, तिने गावोगावचे शेकडो छोटे उपक्रम चालवले, वडीलधाऱ्यांबरोबर जंगलात शिबिरं, स्वेट लॉज (घाम काढायचा पारंपरिक विधी), भाषेचे वर्ग, आईबापांचे गट. काम चांगलं चाललं होतं तरी पुढे सरकारने पैसे बंद केले आणि २०१४ ला ती संस्था गुंडाळली गेली. त्यांचे रिपोर्ट अजून वाचायला मिळतात, कोरडे नाहीत, बघा.

कमिशनसमोर झालेल्या सगळ्या साक्षी वाचता येतात का?

नाही, आणि येऊ नयेत. कमिशनने ६,५०० हून जास्त लोकांचं ऐकलं, त्यातलं ज्यांनी खुलं ठेवलं ते मिळतं. पण नुकसानभरपाईसाठी वेगळी प्रक्रिया होती, तिथे ३८ हजारांच्या वर लोकांनी आपल्यावरच्या अत्याचाराचा तपशील बंद खोलीत सांगितला, या भरवशावर की हे बाहेर जाणार नाही. पुढे वाद झाला, इतिहासासाठी ते कागद ठेवायचे की नष्ट करायचे. २०१७ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ज्याची गोष्ट त्याची मर्जी, १५ वर्षं कागद ठेवा, तेवढ्यात ज्याला जतन करायचे त्याने तसं सांगावं, बाकीचे नष्ट करा. ती वर्षं निकालाच्या आधीपासून मोजलेली आहेत, म्हणून मुदत २०२७ ला संपते. इतिहासाच्या लोकांना हळहळ वाटली, मलाही वाचताना आधी वाटलीच, पण लहानपणी ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांच्या हातात निदान स्वतःची गोष्ट तरी राहिली.

माफी मागून झाली, पैसे देऊन झाले. मग रिकन्सिलिएशन झालंच की?

माफ्यांची यादी मोठी आहे. युनायटेड चर्चने १९८६ मधे आदिवासी समाजांची माफी मागितली, रेसिडेन्शियल स्कूलसाठी वेगळी १९९८ ला, अँग्लिकन चर्चने १९९३ ला. फर्स्ट नेशन्सचे नेते फिल फाँटेन यांनी १९९० मधे टीव्हीवर स्वतःवर झालेले अत्याचार सांगितल्यावर खरं तर सगळं उघड व्हायला लागलं होतं. मग हजारो सर्व्हायव्हर कोर्टात गेले, २००६ मधे समझोता झाला, शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाचे १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३,०००. कमिशनसुद्धा त्याच समझोत्यातून आलं, सरकारच्या मनाच्या मोठेपणातून नाही, हे विसरायचं नाही. ११ जून २००८ ला पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. पोप फ्रान्सिस यांना यायला जुलै २०२२ उजाडलं, कमिशनने तर २०१५ मधे एका वर्षाच्या आत या असं म्हटलं होतं.

कमिशनचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर, स्वतः ओजिब्वे आणि न्यायाधीश, यांचं सांगणं साधारण असं होतं की शिक्षणानेच या भानगडीत घातलं आणि शिक्षणच यातून बाहेर काढेल. म्हणून त्यांच्या ९४ कॉल्स टू अ‍ॅक्शनमधे, म्हणजे शिफारशींमधे, शाळेचा अभ्यासक्रम आहे, भाषा आहेत, मुलांना घरातून उचलणारी आजची चाइल्ड वेल्फेअर यंत्रणा आहे, तुरुंग आहेत, पिण्याचं पाणी नाही म्हणून ओरड करणारी गावं त्या यादीबाहेर अजून वेगळीच. ती ९४ कलमं पंधरा-वीस पानांत मावतात, वाचा आणि स्वतःच टिकमार्क करत जा, झालं का नाही झालं. माझ्या मते रिकन्सिलिएशनवर एखादं गोडगोड पुस्तक वाचण्यापेक्षा हे बरं.

हे आपल्या आश्रमशाळांसारखंच आहे का?

सरसकट तसं म्हणू नका. आश्रमशाळा ठक्कर बाप्पांसारख्या लोकांच्या कामातून आल्या, मूल शिकावं हा हेतू, पालक स्वतः आणून सोडतात, सुट्टीला मूल घरी जातं. पण घरी गोंडी, कोरकू, भिली बोलणारं मूल शाळेत गेल्यावर त्याच्या भाषेचं काय होतं, आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या अधूनमधून का येतात, हे प्रश्न कॅनडाचं वाचून झाल्यावर आपोआप पडतात आणि पडायलाच हवेत.

हेतूच्या बाबतीत जास्त जवळचं शोधायचं तर गुन्हेगार जमाती कायदा बघा, १८७१ चा, इंग्रजांचाच. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेले समाज, सोलापूरचं तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट, रोजची हजेरी, आणि मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची तरतूदसुद्धा त्या कायद्यात पुढे घातली गेली होती. सुटका १९५२ ला. 'उपरा', 'उचल्या' वाचलेल्या मराठी वाचकाला कॅनडातली आत्मकथनं परकी वाटत नाहीत हा माझा अनुभव आहे, कथानक शोधत बसायचं नाही, माणूस जे ज्या क्रमाने सांगतोय ते ऐकायचं, ही सवय आपल्याला आधीच लागलेली असते.

आम्ही तर इमिग्रंट, आम्ही काही केलं नाही. आमचा काय संबंध?

सिटिझनशिपची शपथ घेतलीत का? जून २०२१ पासून त्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे अ‍ॅबोरिजिनल (मूलनिवासी) आणि ट्रीटी (तहाचे) हक्क मान्य करणाऱ्या राज्यघटनेसकट कॅनडाचे कायदे पाळीन असं वाक्य आहे. ते ९४ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या कॉलमधून आलंय. हात वर करून, कधी कधी झूमवर, आपण ते म्हणतो आणि मग केक कापतो. ट्रीटी म्हणजे काय आणि आपलं टाउनहाउस कुठल्या ट्रीटीच्या जमिनीवर आहे एवढं शोधून बघा, दहा मिनिटांचं काम. अपराधी वाटून घ्या असं कोणी म्हणत नाहीये.

मुलांना कुठल्या वयात काय द्यावं?

चार-पाच वर्षांच्या मुलाला डेव्हिड रॉबर्टसन आणि ज्युली फ्लेट यांचं 'व्हेन वी वेअर अलोन'. नात आजीला विचारते, तू एवढे रंगीत कपडे का घालतेस, केस एवढे लांब का ठेवतेस, आणि आजी एकेकाचं उत्तर देते. कुठेही भीतीदायक चित्र नाही तरी सगळं सांगून होतं. नऊ-दहा वर्षांच्या पुढे 'फॅटी लेग्ज'. बाकीची वर सांगितलेली पुस्तकं सोळाच्या आत नको.

आणि नारिंगी टीशर्टचं कारण विचारतील तर सांगा, १९७३ मधे फिलिस वेबस्टॅड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला आजीने शाळेसाठी नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला, पहिल्याच दिवशी शाळेने तो काढून घेतला, परत दिला नाही. मोठेपणी तिने हे सांगितलं आणि २०१३ पासून ऑरेंज शर्ट डे सुरू झाला. टीशर्ट विकत घेताना पैसे कोणाला जातात ते मात्र बघा, सप्टेंबरात कोणीही उठून छापतं.

ऑफिसमधे एक सहकारी फर्स्ट नेशन्सची आहे. तिला विचारू का?

नका विचारू. तिच्या आजोबांवर काय बेतलं हे तिने लंच टेबलवर सांगावं अशी अपेक्षाच चूक, त्यासाठी पुस्तकं आहेत. ती आपणहून बोलली तर ऐका, मधे "आमच्याकडे पण ना" सुरू करू नका. आणि "रेड इंडियन" हा शब्द मराठीत बोलतानाही सोडून द्या, ज्या समाजाची असेल त्याचं नाव घ्या, क्री, मोहॉक, ओजिब्वे, जे असेल ते. जुन्या कायद्यांच्या आणि पुस्तकांच्या नावात इंडियन येतं तेवढं तसंच ठेवावं लागतं.

एखादी शाळा प्रत्यक्ष बघता येते का?

टोरंटोकडच्या लोकांना ब्रँटफर्ड जवळ आहे, मोहॉक इन्स्टिट्यूटची इमारत, आता वुडलँड कल्चरल सेंटरकडे. मुलं तिला मश होल म्हणायची, रोज तीच ती पाणचट ओट्सची पेज मिळायची म्हणून. आवारात सफरचंदाची बाग होती, मुलं राबायची पण फळाला हात लावायची बंदी. छप्पर गळायला लागलं तेव्हा समाजाला विचारलं गेलं, पाडायची का ठेवायची, लोकांनी ठेवा म्हणून सांगितलं आणि 'सेव्ह द एव्हिडन्स' नावाने पैसे जमवले. मागच्या बाजूच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं आणि आकडे आहेत. जायच्या आधी वेबसाइटवर वेळा बघून बुकिंग करा आणि लहान मुलांना नेणार असाल तर आधी फोन करून विचारा की त्यांच्यासाठी वेगळी टूर आहे का.

एवढी पुस्तकं विकत घ्यायची का?

छे, लायब्ररी कार्डावर बहुतेक सगळी मिळतात, लिब्बी अ‍ॅपवर ऑडिओही असतात. सप्टेंबरात मात्र वेटिंग लिस्ट लांबच लांब होते, तेव्हा होल्ड जूनमधेच टाकून ठेवा.